न वाचलेले

फॉर्म भरायला येणारा माणूस
आधार आणतो, पासबुक आणतो, दोन फोटो आणतो
आणि ईमेलच्या रकान्यापाशी येऊन थांबतो.
"आमच्याजवर कुठचा ईमेल, बाई? लिव ना तुहाच."
मी लिहिला.
सात वर्षं लिहीत आले.
शिष्यवृत्ती, पीकविमा, पोलीसभरती,
कुणाच्या बारावीची फेरतपासणी,
सगळ्यांच्या खाली माझाच पत्ता,
जणू अख्खं गाव माझ्याकडे बिनभाड्यानं राहतं.

आज रोवणी. दुकानात चिटपाखरू नाही.
लाईट आहे, नेट आहे, असा योग वर्षातून दोनदा.
म्हटलं, आवरून टाकू.
न वाचलेले: अकरा हजार चारशे सहा.

आधी गेले वाढदिवस.
एक जुलैला बँकेकडून एकशे अठरा शुभेच्छा.
शाळेत नाव घालताना गुरुजींनी
अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला घातलेलं.
त्यात सुकदेव मेश्राम. प्रिय सुकदेवजी, आजचा दिवस खास तुमचा.
त्याला जाऊन तीन वर्षं झाली,
बँक अजून दरवर्षी त्याला एक वर्ष मोठा करते.
त्याचा एक ठेवला. का ते नाही सांगता यायचं.

मग नागपूर ते बँकॉक, फक्त आज.
(साकोलीची बस दोनदा येते. दुसरी, आली तर.)
मग बूट, कर्ज, केसगळती, पुन्हा कर्ज.
मग कप्पे केले: शाळा. उके टोली. गहाणे.
एक कप्पा केला "बघू" नावाचा.
चहा ठेवून येईतो
सगळ्यात आधी तोच भरला.

मामंजी तलावाचे पाटकरी होते.
म्हणायचे, पान्याले नाही म्हनता येत नाही, पोरी.
तुडूम किती उघडाचं आन् सलंग किती उंच ठेवाचा
येवढंच आपल्या हातात.
बाकी तलाव त्याचा तो भरते.

म्हणून दुपारी दोनला सलंग सोडला.
सर्व निवडा. काढून टाका.
यंत्रानं एकदा विचारलं, नक्की?
मी हो म्हटलं. अंग हलकं झालं,
खरं सांगते, पाच मिनिटं मी नुसती
त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसले
सारवलेल्या अंगणाकडे बघावं तशी.

पण सलंग वाहतो तेव्हा
पाण्यासोबत मासोळ्याही जातात.
पोरं खाली सापळा लावून उभी असतात ती उगाच नाही.

मग कचरापेटीत उतरले. पोटऱ्यांपर्यंत.
चाळता चाळता, बुटांच्या सेलच्या खाली,
निरंजना कापगते.
नर्सिंगला निवड झाली आहे.
मूळ कागदपत्रांसह सात दिवसांत हजर राहावे.
तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

ती तेव्हा रोज यायची.
"आलं का जी काही?"
मी मान न वळवता म्हणायची, आलं की सांगीन.
नंतर दोन दिवसांआड.
नंतर नुसतं सायकलवरून हात.

खिडकीतून त्यांची बांधी दिसते.
आठ बाया वाकलेल्या, ती डावीकडून तिसरी,
हातात पऱ्ह्याची पेंडी,
चिखलात बोटं खुपसते, मागे सरते,
खुपसते, मागे सरते.

मेल बाहेर काढली.
"न वाचलेले म्हणून ठेवा" असं एक बटण असतं,
आजवर कधी लागलं नव्हतं.
अक्षरं पुन्हा ठळक झाली,
जणू आत्ताच आली, जणू सात दिवस
आजपासून मोजायचे.

पडद्यावर आकडा: एक.

दुकान उघडंच ठेवून निघाले.
पाळीवर चपला काढल्या.
कुणीतरी ओरडलं, "अवो बाई, लाईट गेली का?"
निरंजनानं मान वर केली,
मनगटानं कपाळावरचे केस सारले,
कपाळाला चिखल लागला.
आणि हसत, सवयीनं, तिनं तेच विचारलं.